लालगेटवर झडती सगळ्यांचीच व्हावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

राज्याच्या नव्या कारागृहे व सुधारसेवा विधेयकाची बातमी वाचली. मी कारागृह खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि हवालदार होऊन निवृत्त झालो. नोकरीतला बराच काळ लालगेटवर, म्हणजे कारागृहाच्या मुख्य दरवाजावर गेला. मोबाइल, सिमकार्ड, गांजा आत कसा पोचतो ते तिथे उभ्या राहणाऱ्याला दिसते, म्हणून हे पत्र.

१८९४ च्या मूळ तुरुंग कायद्यात बंदी असलेली वस्तू आत आणणाऱ्याला, आणि जाणूनबुजून ती येऊ देणाऱ्या अधिकाऱ्यालाही, जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. दोनशे रुपये त्या काळी मोठी रक्कम होती. आज एक पुडी आत पोचवली तरी त्याहून जास्त सुटतात. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना दिलेल्या आदर्श कायद्यात मोबाइलसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड सुचवला आहे. ही वाढ हवीच होती. पण त्यात बंदी (म्हणजे कैदी), मुलाखतीला म्हणजे भेटीला आलेला नातेवाईक आणि कर्मचारी या तिघांनाही एकच माप लावले आहे. बराकीत चोरून बायकोला फोन लावणारा न्यायबंदी, म्हणजे खटला चालू असलेला कैदी, आणि पैसे घेऊन तो फोन आत आणणारा गणवेशातला माणूस, या दोघांचा गुन्हा सारखा कसा? आपल्या राज्याने कर्मचाऱ्यासाठी वेगळे आणि कडक कलम करावे. ते शिपायाइतकेच अधीक्षकालाही लागू असावे.

आता झडतीविषयी. कोर्टातून परतलेल्या बंद्याला आम्ही कपडे उतरवून तपासत असू. मुलाखतीला आलेल्या म्हातारीने मुलासाठी आणलेल्या सदऱ्याची शिवणसुद्धा चाचपत असू. साहेबांची गाडी आली की मात्र सलाम ठोकायचा आणि गेट उघडायचे. एकदा एका अधिकाऱ्याच्या चालकाला मी डिकी उघडायला सांगितली. त्यानंतर ड्युटी वाटपात माझे नाव लालगेटवरून निघाले आणि रात्रीच्या मनोऱ्यावर लागले. लेखी काहीच नव्हते, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? डिकीत काही होते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की ती उघडली गेली नाही.

नवा शिपाई कसा अडकतो तेही सांगायला हवे. सुरुवात तंबाखूच्या पुडीने होते. बंदी गोड बोलतो, ‘मामा’ म्हणतो, घरची चौकशी करतो. पोराला वाटते, एका पुडीने काय होते! पुढच्या आठवड्यात बाहेरचा कोणी त्याला चहाच्या टपरीवर गाठतो, पुडीची आठवण करून देतो आणि हातात मोबाइल ठेवतो. नाही म्हटले तर मुले कोणत्या शाळेत जातात हे त्याला आधीच ठाऊक असते. माझ्या हाताखाली शिकलेला एक चांगला मुलगा असाच अडकत गेला. त्याने वेळेवर कुणाला सांगितले असते तर वाचला असता, पण सांगणार कुणाला? वरिष्ठांना सांगितले तर आधी त्याचीच चौकशी लागणार. पहिल्या धमकीलाच जो शिपाई स्वतःहून पुढे येईल, त्याला संरक्षण मिळेल असे कायद्यातच लिहा. त्याची तक्रार त्याच कारागृहात न राहता थेट मुख्यालयात जावी.

राज्यातील कारागृहांची क्षमता २७ हजारांच्या आसपास आहे आणि आत ४० हजारांवर माणसे कोंबलेली आहेत. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे सहा बंद्यांमागे एक रक्षक हवा. प्रत्यक्षात एकेका शिपायाकडे अख्खी बराक असते. तो झडती तरी काय घेणार? कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात भिंतीबाहेरून गांजा आणि मोबाइल फेकले गेले, ते याच अपुऱ्या मनुष्यबळामुळे सोपे झाले असे मला वाटते. ३१ मार्च २०१५ ला नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच बंदी पळाले. त्यानंतरच्या झडत्यांत मोबाइलवर मोबाइल सापडत गेले. ते आत आले तेव्हा गेट होतेच ना?

येरवड्यात बंद्यांना घरी बोलण्यासाठी स्मार्ट कार्डची सोय झाली, हे फार चांगले झाले. आईशी हक्काने बोलता आले की बरेच जण चोरट्या फोनच्या वाटेला जात नाहीत. मग उरतात ते खंडणीवाले, आणि त्यांना शोधणे सोपे जाते.

विधेयकाखालचे नियम करताना एवढे तरी व्हावे. लालगेटवरची झडती त्या कारागृहाबाहेरच्या पथकाकडे द्यावी. त्या पथकाची बदली अधीक्षकाच्या हातात नसावी. कॅमेऱ्याचे चित्रण दुसऱ्या ठिकाणी साठवावे, म्हणजे नको त्या रात्रीचे ते ‘बिघडणार’ नाही. आणि नियम लिहायला बसाल तेव्हा गेटवर उभे राहिलेले दोन-चार शिपाईही समोर बसवा.

आपला,
एक निवृत्त कारागृह हवालदार, सातारा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)