उम्मे ऐमन यांना ‘एक दासी’ म्हणून उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रबीउल अव्वलच्या (पैगंबरांच्या जन्माच्या इस्लामी महिन्याच्या) निमित्ताने आपल्या पुरवणीत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या बालपणावर लेख आला. मराठीत असे लेखन येते याचा मला मनापासून आनंद होतो, आणि लेख चांगलाच होता. आई हजरत आमिना, दूधआई हजरत हलीमा, आजोबा अब्दुल मुत्तलिब, चुलते अबू तालिब, सगळ्यांवर लेखकाने मायेने लिहिले आहे. मी अडखळले ती एकाच ठिकाणी. ‘आईच्या निधनानंतर एका दासीने त्यांना मक्केला परत आणले’ असे वाक्य येते आणि ती दासी तिथेच संपते. पुढे तिचा उल्लेख नाही, नावही नाही.

त्यांचे नाव बरका. पुढे पहिल्या मुलाच्या नावावरून उम्मे ऐमन, म्हणजे ऐमनची आई. आपल्याकडे गावात बाईला लेकराच्या नावाने हाक मारतात तसेच.

पैगंबरांचे वडील अब्दुल्लाह मुलाच्या जन्माआधीच यस्रिबला (आजच्या मदीनेत) वारले. त्यांनी मागे काय ठेवले याची नोंद जुन्या चरित्रकारांनी केली आहे. पाच उंट, शेळ्यामेंढ्यांचा लहानसा कळप आणि बरका ही हबशी दासी. ‘हबशी’ हा शब्द आपल्याला परका नाही. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दी हबशी. त्याच मुलखातून आलेली ही मुलगी उंट-शेळ्यांच्या ओळीत बसवलेली होती. ती यादी वाचताना मला दरवेळी थांबावे लागते.

मुहम्मद (स.) सहा वर्षांचे असताना आमिना त्यांना घेऊन यस्रिबला नातलगांकडे गेल्या. सोबत बरका होत्या. परतीच्या वाटेवर अबवा या ठिकाणी आमिना आजारी पडल्या आणि तिथेच वारल्या. तिथून मक्का अजून दोनशे किलोमीटरहून लांब. हा प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहा. वाळवंट, ताजी कबर, आणि वडिलांपाठोपाठ आईही गमावलेले सहा वर्षांचे लेकरू. बरकांना सांगणारे, विचारणारे कोणी नाही. त्यांनी ते लेकरू मक्केला आणून आजोबांच्या स्वाधीन केले. ‘परत आणले’ या दोन शब्दांत हे सारे मावत नाही, संपादक महोदय.

आणि स्वाधीन करून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. अब्दुल मुत्तलिब यांनी एकदा त्यांना बजावल्याची आठवण नोंदलेली आहे. बरका, माझ्या लेकाकडे दुर्लक्ष करू नकोस, मला तो बोरीच्या झाडाजवळ पोरांबरोबर सापडला. म्हणजे पोरगे खेळायला गेले की जाब कोणाला विचारायचा, ते घरात ठरलेले होते. दोन वर्षांनी आजोबाही गेले आणि मुलगा अबू तालिब यांच्या घरी आला. बरका म्हणत, लहानपणी काय नि मोठेपणी काय, त्यांनी भुकेची-तहानेची तक्रार केलेली मी कधी पाहिली नाही. सकाळी जाऊन जमजमचे पाणी पिऊन यायचे, आणि न्याहारी पुढे केली की म्हणायचे, नको, पोट भरलेय. ही आठवण ताट वाढणाऱ्या बाईचीच असू शकते.

हजरत खदीजा यांच्याशी विवाह झाला तेव्हा पैगंबरांनी बरकांना गुलामीतून मुक्त केले. बरकांचे लग्न झाले, ऐमन जन्मला. पुढे दुसरे लग्न जैद बिन हारिसा यांच्याशी झाले आणि उसामा जन्मला. ‘माझ्या आईनंतरची माझी आई’ असे पैगंबर त्यांच्याविषयी म्हणत, असे चरित्रकार सांगतात. पण मला त्याहून मोठी साक्ष वाटते ती एका लहानशा प्रसंगाची. तो ‘सहीह मुस्लिम’ या हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या आठवणी) संग्रहात आहे आणि सांगणारे आहेत पैगंबरांच्या सेवेतले अनस, जे तेव्हा लहान वयाचे होते. पैगंबर उम्मे ऐमन यांच्या घरी गेले. त्यांनी भांड्यातून काही प्यायला पुढे केले. पैगंबरांचा रोजा होता की प्यायची इच्छा नव्हती, अनस यांना ठाऊक नाही, पण ते प्यायले नाहीत. तशा उम्मे ऐमन आवाज चढवून रागवायला लागल्या.

ज्यांच्या शब्दावर सारी मदीना चालत होती, त्यांच्यावर. प्यायले नाही म्हणून.

माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. आमच्या कोकणातल्या घरी कामाला येणाऱ्या एका कुणबी बाईने मला वाढवले. मी त्यांना आक्का म्हणायचे. पेज टाकून शाळेला पळाले तर आक्का पायरीवर उभ्या राहून अशा ओरडायच्या की चार घरे ऐकत. तसे ओरडायला मनात हक्क असावा लागतो. पगारावर ठेवलेले माणूस मालकाच्या पोरीवर तसे ओरडत नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मात्र चुलते, मामा, दूरच्या आत्या सगळे छापले गेले आणि आक्कांचे नाव कोणाच्या मनातही आले नाही. माझ्याही नाही. आज ते आठवले की घास गिळत नाही. म्हणूनच ‘एका दासीने’ हे शब्द मला इतके बोचले असतील.

तोच हक्क खजुरीच्या झाडांच्या प्रसंगातही दिसतो. मदीनेच्या अन्सारांनी (तिथल्या स्थानिक मुसलमानांनी) मक्केहून आलेल्या निर्वासितांना आपली झाडे वापरायला दिली होती. अनस यांच्या आईने दिलेली झाडे पैगंबरांनी उम्मे ऐमन यांना दिली. 628 साली खैबरच्या लढाईनंतर मक्केच्या लोकांची स्थिती सुधारली आणि झाडे ज्याची त्याला परत करायचे ठरले. अनस मागायला आले तर उम्मे ऐमन यांनी त्यांच्या गळ्यात कापड टाकून धरले. अल्लाहची शपथ, मला दिली आहेत ती तुला मिळणार नाहीत! पैगंबर समजावू लागले, सोड, त्याबदली इतकी देतो. त्या नाही म्हणत राहिल्या. हे देणे वाढत वाढत दहापटीच्या आसपास गेले तेव्हा त्या राजी झाल्या. हुकूम सोडून प्रश्न मिटवता आला असता. पैगंबरांनी म्हाताऱ्या आईची समजूत काढावी तशी काढली.

उसामा आईसारखे काळे, वडील जैद गोरे. लोक कुजबुजत. एकदा बापलेक डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले होते, फक्त पावले उघडी. माग काढण्यात तरबेज असलेला बनू मुदलिज टोळीचा एक माणूस तिथे आला आणि त्या पावलांकडे बघून म्हणाला, ही पावले एकमेकांची आहेत. पैगंबर ही गोष्ट सांगायला पत्नी हजरत आयशा यांच्याकडे गेले तेव्हा त्यांचा चेहरा आनंदाने उजळला होता. ती कुजबुज एका आईच्या अब्रूवर होती, हे आपण विसरतो.

दाई हलीमा यांचा मान मला तसूभरही कमी करायचा नाही. दुष्काळी वर्षात ज्या बाळाला बाप नाही म्हणून इतर दायांनी नाकारले ते त्यांनी छातीशी धरले, ही कथा मी शाळेत पोरांना कितीदा तरी सांगितली आहे. पण या दोन मायांचे ऋण एकाच ठिकाणी समोर आले, ते आपल्याकडे कोणी सांगत नाही. 630 साली हुनैनची लढाई झाली ती हवाजिन टोळ्यांशी, आणि हलीमा यांचे बनू साद हे हवाजिनपैकीच. त्या लढाईत मुसलमानांची फळी फुटली तेव्हा जे मोजके लोक पैगंबरांच्या बाजूला पाय रोवून उभे राहिले, त्यांत ऐमन होते. तिथेच ते पडले. लढाईनंतर हवाजिनचे लोक आले आणि म्हणाले, या कैद्यांत तुम्हाला पाजणाऱ्या, सांभाळणाऱ्या तुमच्या मावश्या-आत्या आहेत. सुमारे 6000 बायामुले सोडली गेली. हलीमा यांची मुलगी शैमा हिने लहानपणी तुम्ही मला चावला होतात त्याचा वण दाखवला, तेव्हा पैगंबरांनी आपली चादर अंथरून तिला बसवले. एका दूधआईचे गोत सुटले. दुसऱ्या आईने त्याच रणात मुलगा दिला होता. आदल्याच वर्षी मूताच्या लढाईत त्यांचे पती जैद शहीद झाले होते, आणि स्वतः त्या उहुदच्या रणात जखमींना पाणी पाजत फिरल्या होत्या.

पैगंबर 632 साली गेले. त्यानंतर त्यांचे निकटचे सहकारी अबू बक्र हे दुसरे सहकारी उमर यांना म्हणाले, चला, उम्मे ऐमन यांना भेटून येऊ, पैगंबर जात तसे. दोघे गेले तर त्या रडू लागल्या. त्यांनी समजूत घातली की अल्लाहजवळ जे आहे ते पैगंबरांसाठी अधिक चांगलेच आहे. त्या म्हणाल्या, ते मला ठाऊक नाही म्हणून मी रडत नाही, आकाशातून येणारी वही (ईश्वरी संदेश) थांबली म्हणून रडते. मग ते दोघेही त्यांच्यासोबत रडले.

माझी विनंती एवढीच की, पुढच्या अंकात एका चौकटीत का होईना, त्या वाक्याची दुरुस्ती छापावी: ‘आईच्या निधनानंतर उम्मे ऐमन यांनी त्यांना मक्केला आणले आणि वाढवले.’ आणि पुढच्या रबीउल अव्वलला एक पूर्ण लेख त्यांच्यावर द्यावा. लिहायला कोणी मिळाले नाही तर मी लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा