राजीनामा देण्याआधी

गुहागर
२७ जानेवारी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

टपालाने पाठवलं तर तुझ्या हाती पडायला मार्च उजाडेल, म्हणून लिहून झालं की फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो.

तुझा फोन आल्यापासून आईचं एकच पालुपद, "बरं चाललंय तिचं दुबईत, आता कशाला ही धडपड?" मला तुझं पटलं. गणिताच्या बाईला तासिकांवर तासिका, वर बसची ड्युटी, तर तिने दुसरी शाळा बघावीच. माझी नोकरी जिल्हा परिषदेची. आदेश निघाला की बाडबिस्तरा बांधायचा, विचारतो कोण? तुला निवडता येतंय तर निवड. फक्त क्रम चुकवू नकोस.

"तुमची निवड झाली" असं कोणी तोंडी सांगितलं म्हणून राजीनामा द्यायचा नाही. तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर सहीनिशी हातात येऊ दे. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीएची, म्हणजे तिथल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यताही लागते. तिचं काम कुठवर आलंय ते नव्या शाळेला विचार. "१ एप्रिलपासून वर्गावर या, व्हिसाचं नंतर बघू" हे त्यांचं बोलणं मला अजिबात आवडलं नाही. नवा परवाना निघाल्याशिवाय त्यांच्याकडे एक तासिकासुद्धा घेऊ नकोस. विनापरवाना कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. तो शाळा भरेल, पण तुझं तिथलं राहणं अडचणीत येईल त्याचं काय?

आता तुझ्या सध्याच्या शाळेची ती धमकी, 'बॅन लावू', म्हणजे दुसरीकडे काम करू देणार नाही. तिथला २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. तू ते केव्हाच ओलांडलंस. करारात लिहिलेली नोटीस, म्हणजे तीस ते नव्वद दिवसांत जी असेल ती, लेखी देऊन आणि पूर्ण भरून निघालीस की सोडून जायचा तुला हक्क आहे. न सांगता गेलीस तर मात्र गैरहजेरीची तक्रार होते, आणि ती निस्तरताना नाकी नऊ येतात. नोटीस साठ दिवसांची असेल तर मार्चअखेर मोकळं व्हायला तुझं पत्र याच आठवड्यात जायला हवं. इ-मेलने दे, आणि पोच माग.

हिशेबाचं पण बघ. पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षाला एकवीस दिवसांचं मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळतं. तुझी तीन वर्षं, म्हणजे त्रेसष्ट दिवस. घरभाडं त्यात धरत नाहीत, त्यामुळे आकडा वाटतो त्याहून लहान निघेल. करार संपल्यापासून चौदा दिवसांत सगळी देणी द्यायची असतात. "सर्व पावलं" अशा कागदावर पैसे खात्यात यायच्या आधी सही नको.

पासपोर्ट शाळेच्या कपाटात असेल तर आजच मागून घे. कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला तिथला कायदाच मनाई करतो, आणि पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा, हे त्यातच छापलेलं असतं. आपल्या वाडीतला एक जण पूर्वी आखातात होता. पासपोर्ट मालकाकडे, त्यामुळे बापाच्या तेराव्यालासुद्धा पोचला नाही. तेव्हा विचारायची सोय नव्हती.

तुझं बी.एड.चं मूळ सर्टिफिकेट मी आज कपाटातून काढून बघितलं. मागच्या बाजूला मंत्रालयाचा शिक्का, परराष्ट्र खात्याचं आणि त्यांच्या दूतावासाचं स्टिकर, सगळं शाबूत. कागद दमटपणाने कडेला थोडा पिवळा पडलाय, एवढंच. शेजारचे भाऊ म्हणाले, लॅमिनेट करून टाका. मी नको म्हटलं, पुढे आणखी शिक्का लागला तर प्लास्टिकवर कुठे मारणार? प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खणात ठेवलंय, खाली वाळवीचा भरवसा नाही. स्कॅन करून पाठवतो. नव्या शाळेने मूळ प्रत मागितली तर कळव, म्हणजे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती देता येईल.

कलमांना मोहर बरा आहे, तुडतुडा पडला नाही तर.

रात्री फोन करशील तेव्हा करार समोर ठेव. नोटीस किती दिवसांची आणि मूळ वेतन किती, दोन्ही मला वाचून दाखव. त्याआधी आईशी बोल, नाहीतर ती फोन माझ्या हातात देणारच नाही.

तुझे,
बाबा