नव्या खोलीतले उंदीर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे आलेख, दोन्ही नीट वाचले. रोज मॉर्फिन देऊन ज्या उंदरांवर त्याचा असर जवळपास संपत आला होता, तेच उंदीर दुरुस्तीच्या कामामुळे दुसऱ्या खोलीत हलवले आणि औषध पुन्हा पहिल्या दिवसासारखं लागू पडलं. तापलेल्या पट्टीवर ठेवलं की वेदनेने लगेच पंजा चाटायला लागलेले उंदीर परत निवांत उभे राहायला लागले. डोस तोच, उंदीर तेच, टोचणारा हातही तुझाच. सीनियर म्हणतात बॅच बिघडली, टाकून दे आणि नव्याने सुरू कर. तू विचारतोस, टाकू का?

एवढ्यात टाकू नकोस. मात्र ‘मला काहीतरी सापडलं’ म्हणून उड्याही मारू नकोस. आधी बाटली तपास.

बाटलीचं एवढं का घेऊन बसले आहे ते सांगते. 2002 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका गटाचा निबंध आला होता. एमडीएमए, म्हणजे ज्याला लोक एक्स्टसी म्हणतात, ते माणसं एका रात्रीत घेतात तेवढ्या मात्रेतही माकडांच्या आणि बबूनांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची मोठी हानी करतं, असा त्याचा निष्कर्ष. त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढे त्याच गटाने प्रयोग पुन्हा केला, तर हानी दिसेना. मात्रा बदलून पाहिली, तोंडावाटे देऊन पाहिलं, तरी नाही. शेवटी आधीच्या प्रयोगात मेलेल्या प्राण्याचा गोठवून ठेवलेला मेंदू तपासला, तेव्हा त्यात एमडीएमए नव्हतंच, मेथअँफेटामिन होतं. एकाच पुरवठादाराकडून आलेल्या दोन बाटल्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली होती. 2003 मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला. या प्रकरणावरून लोक त्या गटाची अजून टिंगल करतात, पण मला त्यांचं कौतुक वाटतं. मेंदू जपून ठेवला होता, आणि आपल्याच निकालावर शंका घेऊन तो तपासायला काढला.

तुझ्याकडे बाटली बदलली का? बदलली असेल, तर दोन्हींवर मॉर्फिन सल्फेटचं कोणतं रूप लिहिलं आहे ते पाहा. पाण्याचे पाच रेणू धरून असलेल्या सल्फेटच्या वजनात खरं मॉर्फिन सुमारे 75 टक्के असतं, निर्जल सल्फेटमध्ये सुमारे 85. तराजूवर वजन सारखंच दिसतं, पण पोटात जाणारं औषध वेगळं. एवढ्या फरकाने असर थोडा वाढेल, पहिल्या दिवसाइतका मात्र नाही. बाटली तीच असेल, तर द्रावण जुनं होऊन खराब झालं ही शंका आपोआपच बाद होते, कारण तसं असतं तर असर घटला असता आणि तुझ्याकडे तो वाढलाय. एवढं पाहून झालं की मग खोलीकडे वळ.

आम्ही शिकलो तेव्हा टॉलरन्सचा, म्हणजे रोजच्या औषधाचा असर घटत जाण्याचा, सगळा हिशेब पेशीत मांडलेला असे. पेशीवरच्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे औषध पकडणाऱ्या प्रथिनावर, मॉर्फिन बसतं, जी-प्रोटीन नावाच्या पेशीतल्या निरोप्यामार्फत पेशीचं काम मंदावतं. पुन्हा पुन्हा तसं झालं की रिसेप्टरवर फॉस्फेट चढतात, अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन चिकटतं, काही रिसेप्टर आत ओढले जातात, आणि मॉर्फिनने दाबलेलं एन्झाइम जास्त जोमाने काम करायला लागतं. यातलं काहीच खोटं नाही, तुझ्या थीसिसमध्ये हे येणारच. पण कुलूप आणि किल्लीचं जे चित्र आपण पहिल्या वर्षापासून डोक्यात घेऊन फिरतो, त्यात कुलूप कुठल्या घराच्या दाराला आहे हे कुणी विचारत नाही. रिसेप्टर आत ओढला गेला असेल, तर तो खोली बदलल्यावर बाहेर कसा आला? तुझ्या आलेखाने विचारलेला प्रश्न हा आहे, आणि पेशीच्या हिशेबात त्याला उत्तर नाही.

ते उत्तर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या शेपर्ड सीगल यांनी 1975 मध्येच सुचवलं होतं, तेही तुझ्यासारख्याच तापलेल्या पट्टीच्या चाचणीवरून. त्यांचं म्हणणं असं, की टॉलरन्सचा मोठा भाग शिकलेला असतो. ठरावीक जागा, ठरावीक वास, पाठीला धरण्याची ठरावीक पद्धत, आणि मग सुई. हे रोज घडलं की मेंदू सुईच्या आधीच तयारीला लागतो, आणि ही तयारी औषधाच्या उलट दिशेने असते. मॉर्फिन वेदना बधिर करणार म्हणून वेदनेची जाणीव आधीच तीव्र केली जाते. मग औषध येतं आणि दोन्हींची वजाबाकी होते. आपण म्हणतो, असर कमी झाला. जागा बदलली की इशारा मिळत नाही, तयारी होत नाही, आणि औषध पुरतं लागू पडतं. सीगल यांनी उलट बाजूनेही पाहिलं. त्याच जागी नुसतं सलाईन टोचत राहिलं, तर टॉलरन्स ओसरतो. केवळ दिवस गेल्याने तो तसा ओसरत नाही.

1982 चा त्यांचा प्रयोग मात्र वाचायला जड जातो. रॅटना एका खोलीत हेरॉइन आणि दुसऱ्या खोलीत एक दिवसाआड साधं द्रावण, असं महिनाभर दिलं. मग सगळ्यांना एकच मोठा डोस. ज्यांना हेरॉइनची सवयच नव्हती त्यांतले सुमारे 96 टक्के मेले. सवय असलेल्यांना नेहमीच्या खोलीत डोस मिळाला तेव्हा सुमारे 32 टक्के मेले. तितकीच सवय असलेल्यांना तोच डोस दुसऱ्या खोलीत मिळाला, तर सुमारे 64 टक्के. सवय सारखी, विष सारखं, खोलीमुळे मृत्यू दुप्पट.

हा आकडा मी विद्यार्थ्यांना सांगायचे तेव्हा वर्गात कुणीतरी हमखास विचारायचं, मग माणसांचं काय? अतिमात्रेतून वाचलेल्या दहा व्यसनी माणसांशी सीगल बोलले, तेव्हा सातजणांनी सांगितलं की त्या दिवशी काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं होतं. दहा माणसांवरून सिद्धांत होत नाही, पण ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. उपचार घेऊन किंवा तुरुंगातून सुटून आलेला माणूस जुनाच डोस घेतो आणि दगावतो, याचं मुख्य कारण बंद काळात शरीराची सवय मोडलेली असते हे आहे. जागेचा वाटा त्यावर आणखी किती चढतो हे माणसांत मोजता येत नाही, म्हणून तर तुझे उंदीर मोलाचे.

आता तू म्हणशील, झालं तर मग, सीगलचं नाव घालून लिहून टाकतो. थांब. शिकलेली प्रतिक्रिया नेहमी औषधाच्या उलटच असते असंही नाही. कुत्र्यांच्या शिकलेल्या प्रतिक्रिया अभ्यासणाऱ्या खुद्द पाव्हलॉव्हच्या काळातली नोंद आहे. कुत्र्यांना रोज मॉर्फिन टोचलं की लाळ गळायची, उलटी व्हायची, झोप यायची. काही दिवसांनी नुसती सुईची तयारी पाहूनच त्यांना लाळ आणि उलटी सुरू व्हायची. ही शिकलेली प्रतिक्रिया औषधाच्याच दिशेची आहे. माणसांतही हे दिसतं. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून बिनऔषधी द्रावण दिलं. काहींच्या वेदना थांबल्या. त्यांना नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचे रिसेप्टर अडवणारं औषध दिलं, तर वेदना परत आल्या. म्हणजे नुसत्या अपेक्षेने मेंदूने स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडली होती. इटलीतल्या तूरिन इथले फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी पुढे दाखवलं, की वेदनाशामक रुग्णाला न कळता यंत्रातून दिलं तर डॉक्टरांनी समोर उभं राहून दिल्यापेक्षा ते कमी लागू पडतं. तेव्हा ओळखीची जागा औषधाचा असर खाते कधी आणि वाढवते कधी, हे कुणी एका ओळीत सांगायला लागलं तर त्याच्यापासून जरा दूर बस.

दुसरी अडचण याहून साधी आहे आणि तुझे परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. नवी खोली हा स्वतःच एक धसका असतो. घाबरलेल्या प्राण्याला वेदना कमी जाणवते. हे काम मेंदूतली तीच अफूसदृश द्रव्यं करतात, निदान काही प्रमाणात. मग तुझे उंदीर पट्टीवर निवांत उभे होते ते मॉर्फिन परत लागू पडलं म्हणून, की नव्या जागेने गांगरले म्हणून? 2014 मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं, की प्रयोग करणारा पुरुष असला तर उंदरांना वेदना कमी जाणवल्याचं दिसतं, बाईच्या उपस्थितीत तसं होत नाही. पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरतं. कारण पुरुषी वासाचा ताण. हे वाचून मी खूप हसले होते, आणि मग माझ्या काळातले किती निकाल कुणाच्या घामाचे होते या विचाराने हसू थांबलं. जुन्या खोलीत पिंजरे कोण साफ करायचं आणि नव्या खोलीत कोण करतं, याची नोंद तुझ्या वहीत आहे का?

सीनियरांना उत्तर द्यायचं असेल तर 1999 चा क्रॅब, वॉल्स्टेन आणि डुडेक यांचा निबंध हातात ठेव. पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन अशा तीन प्रयोगशाळांनी एकाच जातींचे, एकाच वयाचे उंदीर घेतले, उपकरणं सारखी, खाणं सारखं, चाचणीची वेळसुद्धा सारखी. तरीही कितीतरी चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक बदलले. एका ठिकाणी प्रयोग करणाऱ्याला उंदरांची ॲलर्जी होती, म्हणून त्याने तोंडावर श्वसनयंत्र चढवून काम केलं होतं, हेही त्यांनी नोंदवलं. मला त्यातली उलटी बाजू जास्त आवडते. कोणती जात दारू जास्त पिते, हा निकाल तिन्हीकडे छान जुळला. म्हणजे मेंदूचं सगळंच वाऱ्यावर नाही. काही परिणाम खोली बदलली तरी ढळत नाहीत, काही ढळतात, आणि कोणता कुठल्या गटात मोडतो हे आधीपासून ठाऊक नसतं.

जागा बदलली की निकाल बदलतो, ही तक्रार आपल्या विद्येच्या जन्मापासूनची आहे म्हण ना. 1921 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची वेगस नस, म्हणजे ठोके मंदावणारी नस, उद्दीपित केली, त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि दुसरंही मंदावलं. मज्जातंतू रसायनाने बोलतात याचा हा पहिला ठोस पुरावा. पण इतरांना तो प्रयोग जमेना आणि वर्षानुवर्षं वाद चालला. बेडूक कोणत्या ऋतूतला, खोली किती थंड, यावर बरंच अवलंबून होतं. हिवाळ्यातल्या बेडकांत हृदय मंदावणारा परिणाम ठळक दिसतो. लोवी यांना 1926 साली स्टॉकहोमच्या परिषदेत सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवावा लागला, आणि 1936 चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. त्या ‘न जमलेल्या’ प्रयोगांतही ऋतूची माहिती लपलेली होतीच.

तर आता काम. चार गट कर. मॉर्फिनची सवय लागलेले उंदीर जुन्या खोलीत आणि नव्या खोलीत, तसेच रोज सलाईन मिळालेले उंदीर जुन्या आणि नव्या खोलीत. सलाईनवाले नव्या खोलीत पट्टीवर जास्त वेळ उभे राहिले, तर तो खोलीचा धसका, मॉर्फिनची गोष्ट नाही. ते जुन्या खोलीतल्यासारखेच वागले आणि फक्त मॉर्फिनवाल्यांत फरक पडला, तर सीगलची आठवण काढ. जमलं तर पाचवा गट ठेव. मॉर्फिनची सवय असलेल्यांना जुन्या खोलीत शेवटच्या दिवशी गुपचूप सलाईन द्यायचं. ते नवख्या उंदरांपेक्षाही लवकर पंजा चाटायला लागले, तर ती उलटी तयारी तुला उघड्यावर दिसेल. नव्या खोलीची आधी ओळख करून दिलेले उंदीर हवेत का, याचाही विचार कर. मला वाटतं हवेत. वेळ मोजणाऱ्याला कोणता उंदीर कुठल्या गटातला हे कळता कामा नये, तेव्हा ते काम तू करू नकोस. मित्राकडून करून घे.

सध्याची बॅच तशीच राहू दे, वहीत त्या आठवड्याच्या पानावर खोली बदलल्याची तारीख आणि तास लिही. गाइडना स्वतः जाऊन सांग, सीनियरांमार्फत नको. जास्तीचे उंदीर लागतील म्हणून प्राणी-नीती समितीकडे सुधारित अर्ज करावा लागेल, आणि पाचव्या गटासाठी प्रत्येकी किती प्राणी व का, हे ते विचारतीलच. मसुदा झाला की पाठव, मी वाचते. फक्त गटाचा आकार ठरवायचं गणित दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. संख्याशास्त्र मला कधीच धड आलं नाही, आणि तुझे बाबा आपल्याला येतं असं म्हणतात, पण त्यांच्यावर विसंबू नकोस.

तुझी,
आई