हजेरीला लागणारा वेळ

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या शुक्रवारी, ५ मे २०२३ ला, जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच रात्री बाबा फोनवर म्हणाले, "चला, संपलं एकदाचं." आणि लगेच पुढे, "आता तरी वर्गात ते डोळे मिटून बसवणं बंद कर. पोरांचा दोन वर्षांचा अभ्यास बुडालाय." मी विषय बदलला. राग आला म्हणून नाही हो बाबा. उत्तर मोठं होतं आणि फोनवर ते मला धड सांगता आलं नसतं. तुम्ही पस्तीस वर्षं शिकवलंत, तुम्हाला अर्धवट उत्तर द्यायचं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे डोळे मिटून बसवणं मी तीन वर्षांपूर्वीच बंद केलं. ते का, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

एप्रिल २०२० मध्ये जगभरातल्या १५० कोटींहून जास्त विद्यार्थ्यांच्या शाळा-कॉलेजं बंद होती. युनेस्कोचा आकडा आहे. आम्हा शिक्षकांना घाईघाईने एक तासाचं ऑनलाइन प्रशिक्षण मिळालं. त्यात सांगितलं, मुलं घाबरलेली आहेत, तर तासाची सुरुवात पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष देऊन करा. मी मनापासून केली. "डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, नुसतं बघा." तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाचा चौकोन स्क्रीनवरून गेला. चौथ्या दिवशीही गेला, अगदी त्याच वेळी. मला वाटलं नेटवर्क असेल. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "मॅडम, ते श्वासाचं नको ना. पप्पांना धाप लागते. डोळे मिटले की तेवढंच ऐकू येतं."

आई, मी तो मेसेज वाचून कितीतरी वेळ तशीच बसून होते. आजार श्वासाचा. घराघरात कुणाच्या तरी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. आणि मी मुलांना सांगत होते की डोळे मिटा आणि श्वासाकडे बघा. जिथे भीती दबा धरून बसली होती, नेमकं तिथेच मी त्यांना रोज सकाळी नेऊन सोडत होते. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली आणि मग वाचायला बसले. सांगितलं म्हणून केलं, असं पुन्हा करायचं नव्हतं.

बाबा, अशा सरावाला इंग्रजीत माइंडफुलनेस म्हणतात. तो शब्द पाली भाषेतल्या 'सति' या शब्दाचा अनुवाद आहे. ऱ्हिस डेव्हिड्स नावाच्या अभ्यासकाने १८८१ मध्ये तो केला. 'सति' म्हणजे आपली 'स्मृती'च, एकाच मुळातली. मला विचाराल तर मराठीत त्याला सरळ 'भान' म्हणावं. तुम्ही खिडकीबाहेर बघणाऱ्या पोराला "भानावर ये" म्हणायचात, तेच. आज शाळा-शाळांतून जे शिकवतात त्याचा साचा १९७९ चा आहे. जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, काही आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. तो होता जुन्या दुखण्याने गांजलेल्या मोठ्या माणसांसाठी, आणि ती माणसं आपणहून यायची. माझ्या सातवीतल्या पोरांना कुणी विचारलं होतं?

पुढे २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मिरियड असं त्याचं नाव. ८ हजारांहून जास्त मुलं होती त्यात. काही शाळांत सगळ्या वर्गाला माइंडफुलनेसचे धडे दिले, काही शाळांत नेहमीचं चालू ठेवलं. मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक पडला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. तेव्हा बाबा, तुमची शंका खोटी नाही, माझीही तीच आहे. पाच मिनिटं सगळ्यांना एकसारखं बसवलं की मुलं सुधारतील, यावर माझा विश्वास नाही. पण त्यामुळे मुलांच्या मनाकडे बघायचंच नाही, नुसता धडा पुढे रेटायचा, हे मला मान्य नाही.

मी काय केलं ते सांगते.

डोळे उघडे ठेवायला सांगितले. श्वासाऐवजी पायांपासून सुरुवात केली. तळपाय जमिनीला टेकलेत का? टाचेला जास्त भार आहे की बोटांना? मग आवाज. खोलीतला सगळ्यात जवळचा आवाज कोणता, सगळ्यात लांबचा कोणता? ज्याला नको असेल त्याने वहीच्या कोपऱ्यात चित्र काढावं, कुणी विचारणार नाही. दोन मिनिटं, बस. तो धाप लागणाऱ्या पप्पांचा मुलगा एकदा माइक सुरू करून म्हणाला, "मॅडम, लांबचा आवाज म्हणजे कुठेतरी नळ सुरू राहिलाय." केवढं बरं वाटलं मला. महिनाभरात पहिल्यांदा त्याने पलीकडच्या खोलीपेक्षा लांबचं काहीतरी ऐकलं होतं. त्याचे पप्पा पुढे बरे झाले.

आणि हजेरी. ही मी तुमच्याकडून घेतली, बाबा. तुम्ही हजेरी घ्यायचात तेव्हा मी तुमच्याच वर्गात दोन वर्षं बसले आहे. बाकीचे शिक्षक नंबर ओरडायचे, तुम्ही नाव घ्यायचात, मान वर करून बघायचात, मग पुढचं. हजेरीलाच सात-आठ मिनिटं जायची. ऑनलाइन वर्गात हजेरी आपोआप लागायची, कुणाचं नाव घ्यायची गरजच नव्हती. तरी मी घ्यायला लागले. बेचाळीस नावं. बोलायचं असेल तर "हजर", नसेल तर चॅटमध्ये काहीही टाका. आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या नावाकडे जायचं नाही.

एक मुलगी होती. तिचा कॅमेरा कधी सुरू नाही, माइक कधी सुरू नाही. नाव घेतलं की पाच-सहा सेकंदांनी चॅटमध्ये एक टिंब यायचं. नुसतं टिंब. जवळजवळ चार महिने रोज एक टिंब. शाळा प्रत्यक्ष भरली तेव्हा मधल्या सुट्टीत ती टेबलाशी येऊन उभी राहिली. त्या दिवसांत तिची आजी गेली होती. ती म्हणाली, "बोलले असते तर रडू आलं असतं. पण टिंब नाही टाकलं तर तुम्ही पुढचं नाव घेणारच नाही, मग सगळे थांबून राहतील, म्हणून टाकायचे." मी तिला जवळ घेतलं. तेवढंच सुचलं.

आई, आता तुझं. तुला आठवतं, मी एकदा तुला फोन करून विचारलं होतं की जीव घाबरतो त्याला तू काय काय म्हणतेस? तुला वाटलं मलाच काहीतरी झालंय. ते मुलांसाठी होतं. कसं वाटतंय विचारलं की त्यांच्याकडे दोनच उत्तरं, "ठीक" आणि "बोअर". मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की भावनेला नाव दिलं की मेंदूतला भीतीशी जोडलेला अमिग्डाला नावाचा भाग थोडा निवळतो. पण नाव द्यायला शब्द तर हवेत. तू सांगितलेस तसे मी फळ्यावर लिहिले: धास्ती, हुरहूर, घालमेल, जिवाला घोर, पोटात खड्डा, मन थाऱ्यावर नसणं, रुखरुख. मुलं बघतच राहिली. एक जण म्हणाला, "रुखरुख म्हणजे, दादाशी भांडलो आणि नंतर तो दवाखान्यात गेला, तसं?" हो रे, तसंच. त्याचा दादा घरी परत आला, पण ते भांडण मिटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन तो दादाशी बोलला. तुझा शब्द होता तो, आई.

श्वासाकडे आम्ही परत आलो, पण शाळा भरल्यावर, आणि तेही विज्ञानाच्या तासाला. बाबांना हे आवडेल. दोन बोटं मनगटावर ठेवायची, नाडी सापडली की सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. श्वास घेताना नाडी जराशी पळते, सोडताना मंदावते. लहान वयात हे चांगलंच जाणवतं. मेंदूतून हृदयाकडे जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे करतो, म्हणून लांब उच्छ्वासाने शरीर शांत होतं. वर्गात एकदम शांतता, आणि मग मागच्या बाकावरून, "ए, खरंच हळू झाली!" घाबरवणारा श्वास त्यांच्या बोटाखाली आला होता. ज्यांना नको होतं त्यांनी नुसती नाडी मोजली.

हे सगळ्यांना पुरलं, असं म्हणणार नाही. एक मुलगा बोलायचाच बंद झाला, झोप उडाली, वह्या वाटून टाकायला लागला. तिथे पाय जमिनीला टेकवून काय होणार? मी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? माझे हात थंड पडले होते. पण असं विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट मूल बोलायला लागतं, हे मला शिकून घ्यावं लागलं होतं. तो "हो" म्हणाला. मी त्याला एकटं सोडलं नाही, त्याच्या घरच्यांना बोलावलं आणि त्याच दिवशी समुपदेशकाकडे नेलं. आता तो बरा आहे, उपचार चालू आहेत. प्रत्येक शिक्षकाला हा प्रश्न विचारता यायला हवा. एका तासाच्या प्रशिक्षणात तो कुणीही शिकवला नव्हता, याची चीड अजून जात नाही माझी.

आणि अभ्यास, बाबा. बुडालाच आहे, नाही म्हणत नाही. अपूर्णांकांपासून परत सुरुवात केलीय. पण ज्या पोराचं मन थाऱ्यावर नाही त्याच्या डोक्यात छेद आणि अंश कुठे टिकणार? हजेरीची आठ मिनिटं मी गणितातून चोरलेली नाहीत. त्या आठ मिनिटांमुळे पुढची बत्तीस मिनिटं मला वर्ग मिळतो.

आता शेवटचं, जे फोनवर मुळीच बोलता आलं नसतं. तुम्ही "संपलं एकदाचं" म्हणालात तेव्हा तुमचा आवाज मला ओळखीचा वाटला. माझी मुलं "ठीक" म्हणतात तसाच. काका गेले त्या वेळी तुम्हाला जाता आलं नाही. साठ वर्षांची दोस्ती, आणि शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर. त्यानंतर तुम्ही त्यांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. आई सांगते, पहाटे तीनला उठून खुर्चीत बसता, दिवा लावत नाही. बाबा, मी तुम्हाला काही शिकवायला निघालेली नाही. तुम्हाला डोळे मिटायला तर मुळीच सांगणार नाही.

उद्यापासून रोज रात्री नऊ वाजता मी तुम्हा दोघांची हजेरी घेणार आहे. फोन नाही, मेसेज करेन, नुसतं "बाबा?" आणि "आई?" एवढाच. काकांबद्दल लिहावंसं वाटलं तर लिहा, कितीही लांब चालेल. नाही वाटलं तर टिंब टाका. पण ते आल्याशिवाय मी झोपणार नाही. आई, कीबोर्डवर टिंब कुठे असतं ते त्यांना दाखवून ठेव.

तुमची लेक