माइकच्या बाजूला काय आहे, हे पाहायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे आभार तुमच्यापुरतेच ठेवता आले असते. पण तुम्ही मला जे दिलंत ते मैफलींचं ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे, आणि तुम्ही स्वतःहून ते कधी लिहून काढणार नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

"वाद्यांसाठी कोणता माइक घेऊ?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही एकाही माइकचं नाव घेतलं नाहीत. "त्या वाद्याच्या शेजारी कोण बसतं?" एवढंच विचारलंत. मग स्वतः तालमीला आलात, एक कान बोटाने बंद करून वाद्यांभोवती फिरलात आणि मलाही तसंच फिरायला लावलंत. बासरीचा आवाज टोकातून येतो असं लांबून वाटतं. तो फुंकीच्या भोकातून आणि उघड्या स्वररंध्रांतून येतो, हे मला त्या दिवशी कानाने कळलं. गिटारच्या मधल्या भोकासमोर आवाज घुमतो आणि बाराव्या पट्टीकडे सरकलं की तो मोकळा होतो, हेही तेव्हाच ऐकलं. माइकची जागा आधी ठरते आणि माइक नंतर, हा क्रम मला तुमच्याकडून मिळाला.

समोरचा आवाज कुठलाही बरा माइक नीट घेतो, असं तुम्ही म्हणायचात. खरी पारख बाजूने येणाऱ्या आवाजावर होते, आणि मैफलीत बाजूने आवाज येतच असतो: शेजारचं वाद्य, मंचावरचे मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर), भिंतींवरून परतणारा नाद, श्रोते. म्हणून माहितीपत्रकातला पहिला, सरळ रेषेचा आलेख तुम्ही मला बाजूला ठेवायला सांगितलात आणि दुसऱ्या, गोल आलेखावर, म्हणजे कोणत्या दिशेचा आवाज माइक किती घेतो हे दाखवणाऱ्या आलेखावर, बोट ठेवलंत. त्यात वेगवेगळ्या कंप्रतांच्या, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांच्या, रेषा असतात. त्या एकमेकींसारख्या दिसल्या तर बाजूचा आवाज फक्त हळू होऊन येतो. त्या फाकल्या असतील तर तो हळूही होतो आणि रंगही बदलतो, आणि हा बिघडलेला रंग नंतर कशानेही निघत नाही. माइक निवडताना मी आजही सर्वांत जास्त वेळ याच आलेखावर घालवते.

मोठ्या डायफ्रॅमच्या (आवाजाने थरथरणाऱ्या माइकमधल्या पातळ पडद्याच्या) माइकचं कोडंही इथेच सुटलं. १० किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, आणि मोठा डायफ्रॅम अडीच सेंटिमीटरच्या आसपास. दोन्ही मापं इतकी जवळ आली की बाजूने येणारे उंच स्वर त्याला धड ऐकू येत नाहीत आणि शेजारचं वाद्य मंद, झाकोळलेलं उमटतं. लहान डायफ्रॅमचा कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा माइक) ही अडचण बरीच कमी करतो. त्याचा स्वतःचा खरखराट थोडा जास्त असतो, हे खरं. मोठ्यांपैकी काहींचा १० डेसिबलच्या खाली उतरतो, लहानांचा बहुधा १५ च्या आसपास राहतो. पण श्रोत्यांनी भरलेलं सभागृह कितीही शांत असलं तरी त्याचा आवाज याहून वरच असतो. म्हणून एका वाद्याचं निवांत मुद्रण असेल तर मोठा, चार कलाकार शेजारी शेजारी असतील तर लहान, असं मी ठरवते.

मंचावर आवाज मोठा असेल तेव्हा डायनॅमिक माइक (तारेच्या वेटोळ्याने आवाज टिपणारा, दणकट) वापरायला तुम्ही कधी कमीपणा मानला नाहीत. शुअर कंपनीचा एसएम५७ हा असा माइक १९६५ पासून तेच काम करतो आहे.

माइकची बहिरी बाजू वापरायला शिकवलंत, त्याबद्दल तर किती आभार मानू? मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या कार्डिऑइड माइकला थेट मागचं ऐकू येत नाही, म्हणून मॉनिटर त्याच्या पाठीशी ठेवायचा. समोरचं त्याहून अरुंद ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइडला मात्र पाठीमागचं थोडं ऐकू येतं. त्याची बहिरी जागा समोरून मोजलं तर साधारण १२५ अंशांवर असते, तेव्हा मॉनिटर तिरका सरकवायचा. आणि गाता गाता गिटार वाजवणाऱ्या कलाकारासमोर तुम्ही फिगर-एट, म्हणजे पुढचं आणि मागचं ऐकणारा, माइक लावलात, तो बरोबर ९० अंशांवर बहिरा असतो. गिटारच्या माइकची ती बाजू ओठांकडे वळवलीत आणि गळा आणि तारा वेगळ्या झाल्या. पैसे नाहीत, नवं यंत्र नाही. स्टँड थोडा फिरवला, एवढंच.

ओम्नी माइकची मात्र मला भीती वाटायची. चोहोबाजूंचं ऐकणारा माइक मैफलीत कसा चालेल? तुम्ही कारण समजावून सांगितलंत. कार्डिऑइड वाद्याजवळ नेला की खालचे स्वर फुगतात आणि दूर नेला की ते विरळ होतात. ओम्नी दोन्हीकडे तसाच राहतो, अगदी खालच्या स्वरापर्यंत. खोलीचा नाद मात्र तो जास्त घेतो. कार्डिऑइड १.७ मीटरवर जेवढी खोली ऐकवेल, तेवढी ओम्नी १ मीटरवरच ऐकवतो. म्हणजे तो जवळ न्यायचा, आणि जवळ नेल्याने आवाज फुगण्याची भीतीही नाही. चेलो किंवा तंबोऱ्यासारख्या वाद्याला यापेक्षा सच्चा माइक मला अजून मिळालेला नाही. सभागृह चांगलं असेल तर.

डावीकडचं-उजवीकडचं वेगळं उमटवणाऱ्या दोन माइकांच्या जोडीतही तुम्ही हाच प्रश्न विचारायचात: मागे काय आहे? १९३१ साली ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी मांडलेली काटकोनातल्या दोन फिगर-एट माइकांची जोडी मागची बाजूही समोरच्याइतकीच ऐकते, त्यामुळे तिथे सभागृहाची परीक्षा होते. सभागृह रुक्ष असेल किंवा श्रोते फार जवळ असतील, तर फ्रेंच रेडिओची ओआरटीएफ जोडी: १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन, दोन्ही कार्डिऑइड.

तुम्ही स्वतःचे माइक मला वापरायला दिलेत, नेतानाही अट घातली नाहीत आणि परत करतानाही घाई केली नाहीत. शिकणाऱ्याला ऐकून निवडण्याची संधी मिळणं किती दुर्मीळ आहे, हे ज्यांना ती मिळत नाही त्यांना विचारावं.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी अजून सहमत नाही. सगळी वाद्यं एकत्र टिपणारी मुख्य जोडी नीट लागली तर हळू वाद्याला वेगळा माइक कशाला, असं तुम्ही म्हणता. मी तो लावते. तुमचाच नियम पाळून लावते: वाद्यापासून जेवढं अंतर, त्याच्या किमान तिप्पट अंतर शेजारच्या वाद्याच्या माइकपासून. मिसळताना त्याला मुख्य जोडीशी जुळेल एवढा उशीर देते, दर ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद या हिशेबाने. बहुतेकदा तो बंदच राहतो. पण सभागृह गच्च भरलं आणि तंबोरा ऐकू येईनासा झाला की तो उघडते. पुढच्या मुद्रणाच्या दोन्ही प्रती, तो माइक घालून केलेली आणि न घालता केलेली, तुम्हाला पाठवते. कोणती कुठली ते सांगणार नाही. ऐकून तुम्हीच कळवा.

तुमची,
एक कृतज्ञ ध्वनिमुद्रक