‘हम होंगे कामयाब’ आणि रेव्हरंड टिंडली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन जवळ आले की पुण्यातील अनेक शाळांत ‘हम होंगे कामयाब’चा सराव सुरू होतो. गिरिजाकुमार माथुर यांनी हे गीत ‘वुई शॅल ओव्हरकम’ या ज्या अमेरिकी गीतावरून हिंदीत आणले, त्याच्या उगमाशी रेव्हरंड चार्ल्स आल्बर्ट टिंडली या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) धर्मोपदेशकाचे नाव जोडले जाते. मात्र कार्यक्रमाच्या निवेदनात त्यांचा उल्लेख मी आजवर ऐकलेला नाही, म्हणून हे पत्र.

टिंडली यांचा जन्म 1851 मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बर्लिन या गावी झाला. वडील गुलाम होते, आई स्वतंत्र होती, त्यामुळे कायद्याने मूलही स्वतंत्र ठरले. तरीही लहानपणीच त्यांना परक्यांच्या घरी राबावे लागले. शाळेचे दार बंद असलेल्या या मुलाने रस्त्यावर पडलेले वर्तमानपत्रांचे कपटे गोळा करून, रात्री जाळाच्या उजेडात अक्षरे जुळवत वाचन शिकून घेतले. पुढे फिलाडेल्फियात विटा-चुन्याची ओझी वाहताना आणि एका चर्चमध्ये झाडलोट करताना त्यांनी ग्रीक व हिब्रूचा अभ्यास केला, पदवी नसताना धर्मोपदेशकाची परीक्षा दिली, आणि 1902 मध्ये त्याच चर्चच्या मंडळीचे, म्हणजे भाविक-समुदायाचे, पाळक (धर्मगुरू) म्हणून ते परतले. दक्षिणेकडून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांची तेथे रीघ लागली आणि सुमारे शेदीडशे सभासदांची मंडळी हजारोंची झाली. भुकेल्यांना तेथे जेवणही मिळे.

त्यांची गीते या माणसांसाठी होती. भाडे थकलेला, काम सुटलेला माणूस ज्या शब्दांत देवाशी बोलेल ते शब्द त्यांत आहेत, आणि चालींत श्रोत्यांना आपली भर घालायला मुद्दाम जागा सोडलेली आहे. कीर्तनात धृपद श्रोते उचलून धरतात तसेच हे. ‘एक दिवस मी विजयी होईन’ या आशयाचे त्यांचे गीत विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. आजच्या गीताची चाल त्यांची नव्हे, ती जुन्या कृष्णवर्णीय भजनपरंपरेतून आली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील चार्ल्सटन येथील तंबाखू कामगारांनी 1945-46 च्या संपात हे गीत गायले तेव्हा ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आले, आणि पुढे नागरी हक्कांच्या लढ्याने ते जगभर पोहोचवले. टिंडली मात्र 1933 मध्येच निवर्तले होते.

पुण्याला हा इतिहास परका नाही. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा टिंडली बाविशीतले मजूर होते. मराठीत तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे धर्मोपदेशक आणि कवी एकाच व्यक्तीत आपण पाहिलेले आहेत.

म्हणून शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि संगीतशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे गीत बसवताना माथुरांच्या नावासोबत टिंडलींचे नाव आणि त्या संपकरी कामगारांचा उल्लेख निवेदनात जरूर करावा. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.

आपली,
एक वाचक, खडकी, पुणे