मेलेल्या माणसाचा फोन आला तर आधी नंबर कुणाकडे गेलाय ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पाटण तालुक्यात डोंगराकडच्या काही वाड्यांवर सध्या एकच विषय चाललाय, मेलेल्या माणसांचे फोन येतात म्हणून. कुणाच्या आईचा आला, कुणाच्या नवऱ्याचा आला, एका घरात तर वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आला असं सांगतात. तरणी पोरं सगळी पुण्या-मुंबईला, मागे राहिली म्हातारीकोतारी, दिवेलागणीनंतर रस्त्याला माणूस दिसत नाही, अशा ठिकाणी ही गोष्ट किती लवकर पसरते आणि किती भीती घालते ते तुम्हाला सांगायला नको. माझं बाजारपेठेत मोबाईल रिचार्ज आणि रिपेरिंगचं दुकान आहे, त्यामुळे ज्या फोनवर असा कॉल येतो तो फोन शेवटी माझ्या काउंटरवर येतो, आणि मी जे बघितलंय ते छापून यावं म्हणून हे पत्र लिहितोय.

फोन येतात हे खरं आहे, ही माणसं खोटं बोलत नाहीयेत. स्क्रीनवर नाव दिसतं, फोटो दिसतो, रिंग वाजते. फक्त तो फोन मेलेल्या माणसाने केलेला नसतो, त्याचा नंबर कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी दिलेला असतो. एवढी साधी गोष्ट त्या घराला कुणीही सांगत नाही, ना सिमवाली कंपनी, ना बँक, ना ग्रामपंचायत.

एक उदाहरण सांगतो, नाव गाव सांगत नाही. एक काकू आल्या, फोन रुमालात गुंडाळलेला, हातात धरायला तयार नाहीत. म्हणाल्या ह्यांचा फोन आलता, उचलला तर बाप्यामाणसाचा आवाज, हॅलो हॅलो म्हणत होता आणि मी टाकून दिला. नवऱ्याला जाऊन बरेच महिने झालेले. मी कॉल लॉग उघडला आणि खाली खाली जात राहिलो. रोज संध्याकाळी सातच्या आसपास त्याच नंबरला काकूंचा एक आऊटगोइंग, शून्य सेकंद. दुसऱ्या दिवशी परत तेच, शून्य सेकंद. म्हणजे ही बाई रोज दिवा लावला की नवऱ्याचा नंबर लावत होती आणि पलीकडून "स्विच ऑफ आहे", नंतर नंतर "हा नंबर अस्तित्वात नाही" असं ऐकून ठेवून देत होती. घरात कुणाला माहीत नाही, शेजारी कुणाला माहीत नाही. आणि मग एके दिवशी तो नंबर वाजला, त्या घाबरल्या आणि कट केला, आणि दहा मिनिटांनी तिकडून इनकमिंग. स्क्रीनवर काय दिसणार, तर जे नाव सेव्ह केलंय तेच आणि पुतणीच्या लग्नात फेटा बांधून काढलेला नवऱ्याचा फोटो.

मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे एक पोरगा, मराठवाड्यातला, बांधकामाच्या साईटवर कामाला, नवीन सिम घेतलेलं. म्हणाला मावशींचे मिस्डकॉल दिसले म्हणून लावला, काही अर्जंट आहे का विचारायला. पोरगं भलं होतं. त्यानेच सांगितलं की सिम घेतल्यापासून गॅस सिलेंडरचे, बँकेचे, किसान सन्मानच्या हप्त्याचे मेसेज येतायत, कुणाचे आहेत कळत नाही. काकू हे सगळं स्टुलावर बसून ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत, जाताना एवढंच विचारलं की आता हा नंबर परत मिळायचा नाही का. नाही मिळायचा, असं मला सांगावं लागलं.

आता हे का होतं ते नीट समजून घेऊ. मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे नंबर काही अमर्याद नाहीत, त्यामुळे बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळाने परत बाजारात आणतात. सुप्रीम कोर्टात ह्यावर एक याचिका होती, नोव्हेंबर २०२३ मधे ती निकाली निघाली, तेव्हा ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कोर्टाला सांगितलं की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. म्हणजे ९० दिवसांनंतर देऊ शकतात, आणि देतात. त्यात पूर्वी लाईफटाईम व्हॅलिडिटी असायची, एकदा सिम घेतलं की रिचार्ज मारो न मारो इनकमिंग चालू राहायचं. २०१८ च्या अखेरीपासून मिनिमम रिचार्ज आला, रिचार्ज नाही मारला तर इनकमिंगही बंद. आता मला सांगा, घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या फोनला रिचार्ज कोण मारणार? हँडसेट कपाटात जातो, व्हॅलिडिटी संपते, वापर नाही म्हणून नंबर कट होतो, आणि वर्षाच्या आत तो नंबर कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच्या खिशात. वर्षश्राद्धाच्या आसपासच फोन का येतात ह्याचं उत्तर बऱ्याच वेळा इथे आहे.

व्हॉट्सॲपचंही तसंच. बरेच दिवस वापर नसला, साधारण १२० दिवस, की व्हॉट्सॲप ते अकाउंट काढून टाकतं, आणि मग फॅमिली ग्रुपवर अचानक एके दिवशी ओळ येते की बाबा ग्रुप सोडून गेले. चार महिन्यांपूर्वी अग्नी दिलेला बाप आज ग्रुप सोडून जातो, हे बघून मोठमोठी शिकलेली माणसं रडलेली मी बघितलीत. पुढे तोच नंबर नवीन माणूस व्हॉट्सॲपला लावतो, जुन्या चॅटच्या वर नवा डीपी येतो, कधी "ऑनलाईन" दिसतं. म्हातारी माणसं ह्याचा काय अर्थ लावणार?

काही कॉलमधे कुणी बोलतच नाही, नुसतं खर्रर्र ऐकू येतं, त्याची तर सगळ्यात जास्त भीती. त्यातले पुष्कळ कॉल मशीनचे असतात, कॉल सेंटरचं मशीन एकावेळी बरेच नंबर फिरवतं, तुम्ही उचलला तेव्हा तिकडे बोलायला माणूस मोकळा नसला की शांतता. आणि एका घरात तर कपाटातला जुना हँडसेट नातवाच्या हाती लागला होता, सिम अजून चालू होतं, मागच्या खोलीतून आजोबांच्या नंबरवरून आजीला कॉल. सुनेला कळल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला, पण तोपर्यंत दोन रात्री घरात कुणी झोपलं नव्हतं.

खरा त्रास पुढे सुरू होतो आणि माझा राग त्यावर आहे. फोन आला की गावात पहिलं वाक्य काय, तर "त्याचा जीव अडकलाय". दहाव्याला कावळा उशिरा शिवला होता ते कुणालातरी आठवतं. मग देवऋषी, मग अंगारा, मग कोंबडं, मग अमुक रुपये. ज्या बाईने दवाखान्याचं बिल भागवायला दागिना गहाण टाकलाय तिच्याकडून हे लोक पैसे काढतात. महाराष्ट्रात ह्याच्या विरोधात कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी कितीतरी वर्षं झगडले, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमधे विधिमंडळात कायदा झाला. भूतपिशाच्चाला बोलावतो म्हणून किंवा तशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं ह्या कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड. माणसाने मनाने केलेली पूजाअर्चा, श्राद्ध, पान ठेवणं ह्याला कायद्याने हात लावलेला नाही, माझाही त्याला विरोध नाही, मी स्वतः पितृपक्षात वडिलांचं पान ठेवतो. विरोध आहे तो घाबरलेल्या माणसाला लुटण्याला.

आणि दुसरे लुटारू फोनवरच बसलेत. आपल्याकडे माणूस गेला की "भावपूर्ण श्रद्धांजली"चं बॅनर बनतं, फोटो, पूर्ण नाव, गाव, तारीख, खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं, आणि ते स्टेटसला आणि शंभर ग्रुपला जातं. फसवणाऱ्याला ह्याच्यापेक्षा जास्त माहिती लागतच नाही. मग फोन येतो, तुमच्या मिस्टरांची पॉलिसी होती, क्लेम मंजूर झालाय, आधी प्रोसेसिंग फी भरा. हल्ली तर आवाजाची काही सेकंदांची क्लिप मिळाली की एआयने तसाच आवाज काढता येतो, आणि गेलेल्या माणसाचे व्हॉइस मेसेज, लग्नातले व्हिडिओ सगळीकडे पडलेलेच असतात. ज्या गावात आधीच मेलेल्यांचे फोन येतात असं सगळ्यांनी मान्य केलंय, तिथे उद्या खरंच तो आवाज ऐकू आला आणि म्हणाला की ह्या खात्यावर एवढे पैसे टाक, तर ती बाई टाकणार. म्हणून मी म्हणतो की ही चर्चा नुसती करमणुकीची राहिलेली नाही.

मेलेल्यांशी बोलावंसं वाटणं ह्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, आणि ते फक्त आपल्या खेड्यात होतं असंही नाही. बल्बवाला एडिसन, त्याने १९२० मधे मुलाखतीत सांगितलं होतं की गेलेल्यांशी संपर्क होईल असं यंत्र बनवायचा त्याचा प्रयत्न आहे. आणि जपानमधे ओत्सुची नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे इतारु सासाकी नावाच्या गृहस्थांनी २०१० मधे आपला चुलतभाऊ वारल्यावर बागेत एक पांढरं फोन बूथ उभं केलं, आत काळा डायलचा फोन, त्याला वायर कुठेच जोडलेली नाही. पुढच्याच वर्षी ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली, त्या एका गावात हजाराच्या वर माणसं गेली, आणि मग लांबलांबून लोक त्या बूथमधे यायला लागले. रिसिव्हर उचलतात, घरचा नंबर फिरवतात, बोलतात, रडतात, ठेवतात. सगळ्यांना माहितीये पलीकडे कुणी नाही, कुणी त्यांना फसवत नाही, कुणी पैसे घेत नाही. आमच्या काकू रोज संध्याकाळी सात वाजता तेच करत होत्या. फरक एवढाच की त्यांना पलीकडे काय होऊ शकतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, त्यासाठी बऱ्याच घरांतलं कुणीतरी ग्रामपंचायतीत येतं. दाखला देताना ग्रामसेवकाने सोबत एक साधा मराठी कागद द्यावा: नंबर लगेच बंद पडू देऊ नका, बँक, गॅस, आधार, पेन्शन, पॉलिसी जिथे जिथे हा नंबर आहे तिथे आधी वारसाचा नंबर टाका, नंबर घरात ठेवायचा असेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद घेऊन कंपनीच्या गॅलरीत जाऊन तो आपल्या नावावर करून घ्या, नसेल ठेवायचा तर रीतसर बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की उद्या हा नंबर दुसऱ्याकडे जाईल. कंपन्यांनीही नुसतं ९० दिवस मोजून मोकळं होऊ नये, मृत्यूमुळे बंद झालेला नंबर असेल तर निदान दोन तीन वर्षं तरी तो बाजूला ठेवावा, एवढं काय जड आहे त्यांना. बंद झालेल्या नंबरांची यादी सरकारच्या सिस्टीमवर असते आणि जानेवारी २०२५ मधे रिझर्व्ह बँकेने बँकांना ती यादी वापरून आपला डेटा साफ करायला सांगितलंय, तरी त्या पोराच्या फोनवर मेसेज येतच होते, म्हणजे खाली काम किती पोचलंय ते दिसतंय.

तुमच्या पेपरलाही एक विनंती, राग मानू नका. "स्मशानातून फोन" टाईपच्या बातम्या यूट्यूबवाले करतात ते करू देत, तुम्ही अशी बातमी आली तर त्या नंबरचं पुढे काय झालं, तो आता कुणाच्या नावावर चालू आहे, एवढं विचारून मगच छापा. आणि खाली चौकटीत फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाईन नंबर आणि संशयास्पद कॉल कळवायला सरकारचं संचार साथी पोर्टल, ह्या दोन गोष्टी रोज छापल्यात तरी आमच्याकडच्या लोकांना उपयोग होईल, कारण म्हातारी माणसं आजही पेपरात आलंय म्हटल्यावर विश्वास ठेवतात.

आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत दाखल्यासोबत कागद द्यायचा ठराव मी मांडणार आहे, कागदाचा मसुदा तयार आहे, झेरॉक्सचा खर्च माझ्या दुकानातून करीन असं सरपंचांना सांगितलंय. कुठल्या दुसऱ्या गावाला तो मसुदा हवा असेल तर तुमच्या कार्यालयामार्फत कळवा, लगेच पाठवतो.

आपला,
एक मोबाईल दुकानदार
ता. पाटण, जि. सातारा